अर्ध्या कोयत्याचा बीपी

योहान उजागरेच्या ओळखीची चौदा हजार माणसं होती आणि त्यातली बहुतेक त्यानं डोळ्यांनी कधी पाहिलेली नव्हती. पाथर्डीच्या बाजूला एका ग्रामीण रुग्णालयात तो अठरा वर्षं संगणकावर माहिती भरत होता, तेही कंत्राटी. जिन्याखालची खोली, खडखडणारा पंखा आणि समोर माणसांच्या ओळीच ओळी. कोणाचा बीपी किती, कोणाची साखर किती, कोणाचं वजन वर्षभरात उतरलं, सगळं त्याला तोंडपाठ. बाजारात कोणी एखाद्याची ओळख करून दिली की हा मनातल्या मनात म्हणायचा, अच्छा, एकशे बेचाळीस नव्वद तो हाच होय.

माणूस मुळातच चौकस. शेवगावला मिशनच्या शाळेत असताना त्यानं पाळकसाहेबांना विचारलं होतं की जलप्रलयाच्या वेळी नोहाच्या तारवात मासे घेतले होते का, आणि घेतले नसतील तर त्यांचं काय झालं. पाळकसाहेबांनी त्याला त्या दिवशी लवकर घरी पाठवलं. पुढं नोकरीतही तेच. दर महिन्याला एखादा आकडा त्याच्या डोक्यात अडकायचा आणि हा तो घेऊन वैद्यकीय अधीक्षकांच्या दारात उभा. साहेब चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, “उजागरे, तुम्ही आकडे भरा. प्रश्न डॉक्टर विचारतील.”

मग हे प्रश्न घरी जायचे. संध्याकाळी मरिया भाकरी थापायची आणि योहान शेजारी पाट टाकून दिवसाचे आकडे सांगायचा. मरिया, त्याची बायको, प्राथमिक शाळेत शिक्षिका. दिवसभर पोरांवर ओरडून तिचं डोकं धरलेलं असायचं. कपाळाला बाम चोळून, वरून रुमाल करकचून बांधून ती ऐकत राहायची. मध्येच एखादा नेमका प्रश्न विचारायची आणि योहान खूश व्हायचा.

दोन वर्षांपूर्वी वरून नवीन धोरण आलं. धोरणाचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण त्याचा अर्थ सरळ होता. माणूस दवाखान्यात येत नसेल तर डॉक्टर मोबाईलवर त्याच्यापर्यंत जाईल, आणि प्रत्येक आकडा एका मोठ्या यादीत जाईल. यादीत रंग असत. बीपी आटोक्यात असेल तर हिरवा, नसेल तर लाल. याच सुमारास जिल्ह्याचं नाव बदललं आणि सॉफ्टवेअरनं जुन्या नावाचे रोगी एका जिल्ह्यात अन् नव्या नावाचे दुसऱ्या जिल्ह्यात टाकून दिले. सव्वा महिना बसून योहाननं सगळ्यांना परत एकत्र आणलं. त्याबद्दल त्याला कोणी काही बोललं नाही, आणि त्याचीही काही अपेक्षा नव्हती.

या भागातली निम्मी गावं दिवाळीनंतर रिकामी होतात. माणसं ऊस तोडायला जातात ती थेट गुढीपाडव्याच्या आसपास परततात. त्यांच्या गोळ्या पूर्वी चार-पाच महिने बंदच पडायच्या. आता तसं होत नव्हतं. टोळीच्या मुकादमाकडं बीपीचं यंत्र दिलेलं असायचं, गोळ्यांची पाकिटं त्याच्याच हाती जायची, आणि दर मंगळवारी डॉक्टर आरती त्याच्या मोबाईलवर एकेका रोग्याशी समोरासमोर बोलायच्या. यंदाच नोकरीला लागलेली ही डॉक्टर मुलगी हुशार होती, आणि घाईतही नीट बोलायची. लोक तिला ‘मोबाईलवाली डॉक्टरीण’ म्हणत.

फेब्रुवारीच्या शेवटी योहानच्या डोक्यात अडकला तो कल्याण मुकादमाच्या टोळीचा आकडा. टोळी राहुरी तालुक्यात देवळाली प्रवरेच्या शिवारात उतरली होती. तिच्यात बीपीचे नऊ रोगी. पावसाळ्यात गावी असताना नऊच्या नऊ हिरवे होते. आता सात लाल, दोन हिरवे. सगळ्यांत लाल होती मनकर्णा, वय सत्तेचाळीस. पावसाळ्यात १३०/८४, आता १६८/१०२.

“औषध घेत नसतील,” साहेब म्हणाले. “शेऱ्यात लिहून टाका.”

“घेतात म्हणतात, साहेब.”

“म्हणायला काय जातंय?”

योहानला आधी मुकादमावर संशय आला. पण घरी बसून रचलेले आकडे त्याला वासावरून कळत. रचणारा माणूस नेहमी शून्यावर येऊन थांबतो, एकशे वीस ऐंशी, एकशे तीस नव्वद. कल्याणचे आकडे आठावर संपत, दोनावर संपत, आणि सोबत यंत्राचा फोटो. बरं, गोळ्यांची पाकिटंही अगदी दिवसाच्या दिवशी संपत होती. सकाळी न्याहारीला माणसं माझ्यादेखत पाकीट फोडतात, असं कल्याणनं फोनवर शपथेवर सांगितलं. म्हणजे आकडे खरे, गोळ्या पोटात जातात, आणि तरी बीपी चढलेला.

खरा चमत्कार त्या दोन हिरव्यांचा होता. तोच उसाचा फड, तेच ऊन, तेच पाणी, तोच मुकादम. एक मच्छिंद्र नावाचा बिनलग्नाचा माणूस आणि दुसरी बनुबाई, वय छप्पन्न, विधवा. छप्पन्न वर्षांची बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते आणि तिचा बीपी १२८/८०! योहानला स्वतःच्या बीपीनं एवढं कधी सुख दिलं नव्हतं.

शुक्रवारी त्यानं त्याची निळी वही काढली. सॉफ्टवेअर जे घ्यायला नकार देई ते सगळं तो या वहीत उतरवून ठेवायचा. कल्याण माणसांची यादी पाठवायचा ती त्याच्या धंद्याच्या रीतीनं, कोयत्यावार. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ज्याला जोडी नाही तो अर्धा कोयता. कल्याणनं एक ते चौदा कोयते लिहिले होते आणि शेवटी दोन नावांपुढं ‘½’. संगणक अर्धा माणूस घेईना, म्हणून योहाननं तो रकानाच उडवून आकडे भरले होते. आता वहीत ती दोन नावं पुन्हा वाचली आणि तो ताठ बसला. दोन्ही हिरवे रोगी अर्धे कोयते होते. पूर्ण कोयत्यातला एक जणही हिरवा नव्हता.

हे असं का, हे मात्र काही केल्या कळेना. लग्नानं बीपी वाढतो असं एकदा मनात आलं, पण मग पावसाळ्यातही वाढायला हवा होता.

तो डॉक्टर आरतींच्या खोलीत गेला. त्यांच्यासमोर मनकर्णाचीच ओळ उघडी होती.

“मंगळवारी गोळी दुप्पट करते, भाऊ. एवढा बीपी ठेवून चालणार नाही. फडात झटका आला तर?”

“मॅडम, गेल्या वर्षीही दुप्पट केली होती.”

“आणि लगेच उतरला होता. रेकॉर्डवर आहे.”

“पुढचं पण रेकॉर्डवर आहे,” योहान म्हणाला. त्यानंच भरलं होतं ते. गेल्या चैत्रात गावी परतल्यावर आठव्या दिवशी मनकर्णा हापशावर चक्कर येऊन पडली. मनगट मोडलं. बीपी ८८/५४. कारणाच्या रकान्यात ‘अज्ञात’. मग कोणीतरी गोळी पुन्हा निम्म्यावर आणली आणि दिवाळीनंतर बीपी पुन्हा चढला.

आरतींनी दोन्ही वर्षांच्या ओळी वरखाली करून पाहिल्या. नाही वाढवली तर फडात झटका, वाढवली तर पाडव्याला पुन्हा हापशावर आपटणार, आणि या खेपेला मनगटावर भागेलच असं नाही. “याचा अर्थ काय, भाऊ?”

“तेच तर मला कळेना.”

“मग शोधा,” त्या म्हणाल्या. “मंगळवारपर्यंत थांबते. त्यापुढं नाही थांबता येणार.”

अठरा वर्षांत योहानला ‘शोधा’ असं पहिल्यांदा कोणी म्हणालं होतं. तो इतका हरखला की मरियाला सांगताना त्यानं दोनदा भाजीत मीठ टाकलं.

रविवारी चर्चमधली उपासना बुडवून तो पहाटेच मोटरसायकलवर बसला. “लेंटमध्ये? उपासाच्या दिवसांत?” मरिया दारातून म्हणाली, पण भाकरी-चटणी आधीच बांधून ठेवलेली होती. करंजी घाट, नगर, राहुरी असं करत तो साडेआठला देवळालीच्या शिवारात पोचला. दोन्ही बाजूंना उभा हिरवागार ऊस. पूर्वेकडच्या कोरड्या भागातल्या माणसाला एवढं पाणी एका जागी बघून जरा रागच येतो, तसा त्यालाही आला.

कल्याणनं फड दाखवला. माणसं न्याहारीला बसत होती. डोक्यावरची चुंबळ काढून एक उंच, सडसडीत बाई पाणी पीत होती. आकड्यांवरून योहाननं तिला ओळखलं.

“बनुबाई ना? १२८/८०?”

“कोन म्हन्लं?” बनुबाई सावध झाली.

“मी दवाखान्यातला. मावशी, तुम्ही गोळी कशी घेता?”

“तोंडानं,” बनुबाई म्हणाली. आजूबाजूची माणसं खो-खो हसली. तिनं पाकीट फोडलं, गोळी जिभेवर ठेवली, वरून पाणी प्याली आणि तोंड उघडून दाखवलं. यात काही गूढ नव्हतं. योहानचा चेहरा पडला.

पलीकडं मनकर्णा आणि तिचा नवरा अजिनाथ फडकं पसरून बसले होते. योहान त्यांच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. मनकर्णानं भाकरी मोडली, अर्धी नवऱ्यापुढं सरकवली. ठेचा बोटानं दोन वाटे करून ठेवला. खाऊन झाल्यावर कनवटीचं पाकीट काढून एक गोळी फोडली, शेजारच्या कोयत्याच्या पात्यावर ठेवली आणि अंगठ्यानं दाबली. गोळीचे टक्कन दोन तुकडे झाले. एक तिनं तोंडात टाकला आणि दुसरा अजिनाथच्या हातावर ठेवला.

योहान आणखी जवळ सरकला.

“ताई, हे काय?”

“गोळी.”

“पण निम्मी?”

“मंग?” मनकर्णाला प्रश्नच कळला नाही. “आमचा कोयता एकच हाय ना. यान्लाबी घेरी येती, डोकं ठनकतं. भाकर निम्मी, पानी निम्मं, मोळ्या निम्म्या, आन् गोळी तेवढी मी एकलीनं खायाची व्हय? बरं दिसतं का ते?”

“डॉक्टर मॅडमना सांगितलं नाहीत?”

“त्या इच्यारत्यात, गोळी रोज घेता का. मी म्हन्ते व्हय. रोजच घेतो की आमी.”

तिचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. योहाननं आजूबाजूला पाहिलं. सगळ्या फडभर कोयत्यांच्या पात्यांवर टकटक गोळ्या मोडत होत्या. कोणी लपवत नव्हतं, कोणी चोरत नव्हतं. मोबाईलवर चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, पण मंगळवारी बोलणं व्हायचं ते दुपारी, न्याहारी उरकून चार-पाच तास झाल्यावर. ही घडी कोणी पाहिलीच नव्हती.

“आणि गावी गेल्यावर?”

“गावाकडं यान्ला कुठं घेरी येती? तितं वझं न्हाई, फळी न्हाई. मंग मी अख्खी खाते. टाकून कशी द्यायाची, सरकारी आसली तरी गोळीच ती.”

झालं. सगळं एका जागी येऊन बसलं. इथं दुप्पट केलेली गोळी निम्मी व्हायची म्हणून बीपी उतरायचा. तीच दुप्पट गोळी गावी अख्खी पोटात जायची आणि बाई हापशावर आडवी. मंगळवारी गोळी दुप्पट झाली असती तर यंदाही तेच.

“अन् बनुबाई, तुम्ही?” योहाननं वळून विचारलं, खरं तर उत्तर कळलेलं असूनही.

बनुबाई चुंबळ डोक्यावर ठेवत होती. “माझ्याकडं निम्मी मागायला हाय कोन, बाबा?” असं हसत म्हणाली आणि मोळीकडं गेली.

दोन वर्षं त्या यादीतला हिरवा रंग बघून योहान खूश होत आला होता. त्या दिवशी त्याला त्या हिरव्या रंगाचं फार वाईट वाटलं.

कल्याणनं यंत्र आणलं. अजिनाथ आधी हात देईना. “मला काय धाड भरली? बाईमानसाचा आजार त्यो.” मनकर्णानं त्याचा हात धरून स्वतःच पट्ट्यात घातला. आकडा आला १९६/११२. योहानला अजिनाथची ओळ आठवली. वय एक्कावन्न, तपासणी: बाकी. तीन वर्षं ‘बाकी’. गावात शिबिर झालं तेव्हा बाया आल्या, पुरुष पारावर बसून राहिले, आणि प्रत्येक महिन्याला योहाननं स्वतःच्या हातानं तो शब्द पुढं ढकलला होता. सात रोग्यांचा प्रश्न सोडवायला आलेला माणूस इथं आठवा शोधून बसला होता, आणि तो सगळ्यांत लाल होता. डॉक्टर नसताना मनकर्णानं निदान मात्र बरोबर केलं होतं.

योहाननं तिथूनच डॉक्टर आरतींना मोबाईल लावला. त्यांनी अजिनाथला समोर बसवून नीट प्रश्न विचारले, छातीत दुखतं का, एक डोळा झाकून बघा, दोन्ही हात वर करा. मग कल्याणला सांगितलं की याला आज मोळी उचलू द्यायची नाही आणि आत्ताच्या आत्ता राहुरीच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. कल्याणनं तोंड वाकडं केलं, पण नेलं. मनकर्णा जाताना योहानला म्हणाली, “म्हंजी ह्यांची येगळी गोळी मिळंल? अख्खी?”

“दोघांनाही अख्खी.”

“मंग आदीच का न्हाई दिली?”

मंगळवारी मनकर्णाची गोळी वाढली नाही. टोळीला पाकिटं गेली ती माणसागणिक नावं लिहून. त्या दिवसापासून आरती ‘रोज घेता का’ असं विचारायच्या थांबल्या. “पाकीट दाखवा, आणि शेजारी कोण बसलंय त्यालाही दाखवा,” असं म्हणू लागल्या. योहाननं निळ्या वहीत नवा रकाना आखला, ‘जोडीदार तपासला का?’ सॉफ्टवेअरमध्ये तो रकाना नव्हता, अजूनही नाही. पण आरतींनी साहेबांच्या मागं लागून तो कागदी नोंदवहीत छापून घेतला. साहेबांनी सही केली आणि “उजागरे, आता तुम्ही डॉक्टरच व्हा,” असं पुटपुटले. योहाननं ते कौतुक म्हणूनच घेतलं.

पाडव्यानंतर तो रोज सकाळी आधी मनकर्णाची ओळ उघडून बघायचा. तिथं काही येईना आणि त्याला चैन पडेना. मग एका सोमवारी जिन्याखालच्या खिडकीशी सावली पडली. मनकर्णा आणि अजिनाथ आत्ताच तपासून आले होते. तिचा १२८/८२, त्याचा १३८/८८. हापशावर रोज जाते, पडत नाही, असं तिनं न विचारताच सांगितलं. योहानला इतकं बरं वाटलं की तो नुसताच आकडे पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

मनकर्णानं पिशवीतून गुळाची ढेप काढली, देवळालीकडची, अर्धी तोडलेली. “निम्मी आमाला ठिवली. ही तुमाला.” मग खिडकीतून आत बघत तिनं सहज विचारलं, “तुमच्या बाईंचा आकडा किती हाय?”

चौदा हजार माणसं योहानला पाठ होती. नोहाच्या माशांचीसुद्धा त्यानं चौकशी केली होती. मरियाचा आकडा त्याला माहीत नव्हता.

“न्हाई तपासलं?” मनकर्णाला भारीच नवल वाटलं. “मंग तुमच्या वहीत जोडीदारापुढं काय लिव्हलंय?”

त्या संध्याकाळी तो यंत्र घेऊन घरी गेला. मरिया कपाळाला रुमाल बांधून भाकरी थापत होती. “आज काय अडकलं?” तिनं विचारलं. त्यानं तिला पाटावर बसवलं, पिठाचा हात पुसला, पट्टा बांधला. यंत्र घुरघुरलं आणि थांबलं. १७४/१०६. त्यानं पट्टा सोडून पुन्हा बांधला आणि पुन्हा मोजलं.

“अहो, काय आलंय? रोज तर साऱ्या तालुक्याचे आकडे सांगता.”

त्यानं यंत्रच तिच्यासमोर धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी योहाननं संगणक सुरू केला नाही. तो मरियाला घेऊन केसपेपरच्या रांगेत उभा राहिला. खिडकीतल्या मुलीला आश्चर्य वाटलं, पण तिनं नाव लिहिलं, वय लिहिलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “डोकं किती दिवसांपासून दुखतंय?”

योहाननं मरियाकडं पाहिलं.

“अकरा वर्षं झाली,” मरिया म्हणाली.